सत्तर फुटी मोटर यॉट, सोळा महिन्यांनंतर: सलून (बैठकीची खोली) मागाहून बघा, आधी खलाशांची खोली

२६ डिसेंबरला सकाळी साडेसातला आमच्या ड्रायव्हरने, म्हणजे बोटीची इंजिनं सांभाळणाऱ्या माणसाने, आपली बॅग जेटीवर ठेवली, इंजिनरूमची किल्ली माझ्या हातात दिली आणि "आता जमायचं नाही" म्हणून सांगितलं. मालवणला जायला घरची बारा माणसं डबे घेऊन जेटीवर उभी होती. फेरी रद्द झाली. बोट घेतल्यापासून चौदा महिन्यांत सोडून गेलेला हा तिसरा माणूस. आधी एक ड्रायव्हर गेला, मग मे महिन्यात खलाशी.

त्या रात्री रागाच्या भरात हा अनुभव लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात होतं की आजकालच्या पोरांना काम नको, पगार मात्र पाहिजे. तो भाग मी पूर्ण खोडला. का, ते पुढे येईलच.

आम्ही डिचोलीचे. वडिलांच्या दोन बार्ज मांडवीवर खनिज वाहायच्या. २०१२ ला खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. बार्ज शेवटी भंगारात गेल्या, पण पाण्याची सवय काही गेली नाही. मी, धाकटा भाऊ आणि मेव्हणा अशा तिघांनी मिळून ही वापरलेली यॉट घेतली. प्रत्येकी ८०० हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं, मालकांच्या तीन केबिन. घेण्याआधी सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी, केला, ओलावा तपासला, तेलाचे नमुने लॅबला पाठवले, समुद्रात पूर्ण वेगाने पळवून पाहिली. यात कुठे चुकलो नाही आणि इंजिनांनी आजवर त्रास दिलेला नाही.

डिझेलचं एकदाच सांगतो. पणजीहून मालवण साधारण ४० सागरी मैल. २० नॉटने (तासाला २० सागरी मैल) दोन तास, आणि दोन्ही इंजिनं मिळून तासाला अडीचशे लीटरच्या आसपास पितात. ९ नॉटने गेलो तर साडेचार तास, तासाला पन्नास लीटरच्या आत. निम्म्याहून कमी खर्चात तेच मालवण. आम्ही ९ नेच जातो, वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह निवांत बघत.

आता ती खलाशांची खोली. मागच्या डेकवरचा हॅच (झाकणाचा दरवाजा) उघडला की शिडी, खाली तीन बंक (झोपायच्या फळ्या). एक भिंत इंजिनरूमची. खिडकी एकही नाही. घेताना मी त्या हॅचमधून फक्त डोकं घातलं होतं आणि "ठीक आहे" म्हणालो होतो. मालकांच्या केबिनच्या गाद्या मात्र दाबून दाबून बघितल्या होत्या.

ड्रायव्हर गेल्यावर मी आमच्या तांडेलांसमोर, म्हणजे बोट चालवणाऱ्यांसमोर, तणतणत होतो. ते मालवणचे, वयाने साठीकडे झुकलेले, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "मालकांनू, एक रात तुमी थंय निजान बघा, मगे बोला."

म्हणून ३० डिसेंबरला निजलो. दुपारी चार तास इंजिनं चालली होती. वर केबिनमध्ये घरची माणसं झोपलेली, त्यांच्या एसीसाठी जनरेटर चालू. रात्री दोन वाजता डेकवर स्वेटर घालावासा वाटावा असा गारवा आणि खाली थर्मामीटरवर ३४. इंजिनरूमच्या भिंतीला तळहात लावला तर ती तव्याच्या कडेसारखी कोमट. बंकशेजारी पाण्याने भरलेलं स्टीलचं भांडं ठेवलं होतं. त्यातलं पाणी मी खाली असेपर्यंत एकदाही स्थिर झालं नाही, वर बारीक बारीक वर्तुळं चालूच. उशीला डिझेलचा वास. तीनला उठून मी डेकवर येऊन बसलो. आमचा माणूस असाच सहा महिने झोपत होता आणि सकाळी सहाला इंजिनचं तेल बघायला उभा राहत होता.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मापं घेतली. उंची १७२ सेंटीमीटर, बंक १८३ बाय ५८. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. त्यात उंची किमान २०३, बंक किमान १९८ बाय ८०, आणि चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. आमच्यासारख्या खासगी बोटीला तो लागू होत नाही. पण माणसाचं शरीर तेच आहे. वडिलांच्या बार्जवर खलाशांची केबिन डेकवर होती, दोन्ही बाजूंना खिडक्या, नदीचा वारा आरपार. लाखो रुपये कमी किमतीची वस्तू, पण माणूस झोपायचा.

खोलीत एसी होता, पण गार होत नव्हता. सर्व्हिसवाले मुंबईहून आले आणि अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगून सव्वादोन लाखांचं कोटेशन देऊन गेले. आमच्याकडून येण्याजाण्याचे पैसे घेतले ते वेगळे. त्यांनी कपाट सरकवून बघायचीही तसदी घेतली नाही. नव्या ड्रायव्हरने पहिल्याच आठवड्यात बघितलं: आधीच्या मालकाने फ्रीझर बसवताना हवा परत खेचायची जाळी प्लायवूडने बंद केली होती. शिवाय एसी गार ठेवणारी समुद्राच्या पाण्याची लाइन कालवांनी अर्धी बुजलेली. लाइन साफ केली, प्लाय कापला, चार इंची डक्ट टाकून ब्लोअर बसवला, इंजिनरूमच्या भिंतीला आवाज अडवणारी शीट लावली. एकूण खर्च अडतीस हजार. तीन माणसं गमावली ती या अडतीस हजारांपायी, याचं मला अजून वाईट वाटतं. पहिल्या ड्रायव्हरला फोन करून तसं सांगितलंही.

हा नवा ड्रायव्हर बार्जवरचा. खाणी बंद झाल्यावर असे कितीतरी जाणते हात घरी बसले. पांढऱ्या गणवेशातला, इंग्रजी बोलणारा माणूस शोधण्यात आम्ही पहिले दोन महिने घालवले. बार्जवरच्या माणसाला इंजिनच्या आवाजातला फरक डेकवरून कळतो. मात्र नदीचं सर्टिफिकेट समुद्रात चालत नाही, त्याच्याकडे काय आहे ते कागद हातात घेऊन बघा. आणि शक्य असेल तर बोटीचे पैसे देण्याआधीच ड्रायव्हर ठरवा, त्याला इंजिनरूम आणि ती खोली दाखवा. तो दहा मिनिटांत जे सांगेल ते सर्व्हे रिपोर्टमध्ये नसतं. हे अ‍ॅनोडचंच बघा, म्हणजे बोटीचा धातू गंजू नये म्हणून लावतात त्या तुकड्यांचं: पावसाळ्यात मांडवीचं पाणी जवळपास गोडं होतं, त्यात झिंकवर थर चढून ते निकामी होतं. अ‍ॅल्युमिनियमचे लावा, असं त्यानेच सांगितलं.

फेब्रुवारीत मालवणला दोन रात्री नांगर टाकून राहिलो. रात्री खोलीत २६. ड्रायव्हरने बंकच्या डोक्याशी लईराई देवीचा फोटो लावलाय. सकाळी साडेसहाला तिघेही दाढी करून डेकवर हजर, आणि तांडेलांनी खडकांमधून बोट अशी बाहेर काढली की सलूनमधला चहा हलला नाही.

उंचीचं मात्र काही करता येत नाही. खलाशी पाच फूट नऊ इंच, अजून मान वाकवूनच उभा राहतो. जूनमध्ये बोट वर काढली की जुना हॅच काढून काचेचा, वारा घेणारा बसवायचाय. भाऊ म्हणतो आधी डेकचं सागवान पॉलिश करू. मी हॅचचं माप देऊन आलोय.