टेक्सासच्या आडगावचं कोर्ट, दोन स्पीडिंग तिकिटं आणि काउंटीचं ऑनलाइन पोर्टल: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कथा. पैसे भरायला पोर्टल उत्तम. तिकीट शोधायला बेताचं. आणि तुमच्यापुढे कोणकोणते पर्याय आहेत हे सांगायला जवळजवळ निरुपयोगी. पाचपैकी तीन तारे, आणि त्यातला एक फोन उचलणाऱ्या क्लार्कबाईंचा.

घरातली दोन तिकिटं पश्चिम टेक्सासमधल्या एकाच काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टात गेली. एक नवऱ्याचं, तो कामासाठी त्या बाजूला सतत जातो. दुसरं लबकला एमएस करणाऱ्या भाच्याचं, सुट्टीला डॅलसकडे आमच्या घरी येतानाचं. दोन्ही स्पीडिंगची. दोघांनीही कागद माझ्याकडे सरकवले, कारण घरातली कागदपत्रं माझ्या खात्यात येतात. काउंटीचं नाव लिहीत नाही. आजूबाजूच्या काउंट्यांची तऱ्हा फारशी वेगळी नाही.

भारतातून नुकतं आलेल्यांना पहिला धक्का बसतो तो इथे. महाराष्ट्रात महाट्रॅफिकवर गाडीचा नंबर टाकला की राज्यभरातली चलनं एका जागी दिसतात. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या, आणि प्रत्येकीचा कारभार वेगळा. सगळी तिकिटं एकत्र दाखवणारी जागा नाही. शिवाय हायवेवर थांबवून दिलेलं तिकीट गाडीच्या नाही, चालवणाऱ्याच्या नावावर असतं. म्हणून आधी बघायचं ते तिकीट कोणी लिहिलं. शहराच्या पोलिसाने लिहिलं तर ते म्युनिसिपल कोर्टात जातं. डीपीएसचा (राज्याचं पोलीस आणि लायसन्स खातं) ट्रूपर, म्हणजे हायवेचा पोलीस, शेरीफचा डेप्युटी किंवा कॉन्स्टेबल असेल तर जस्टिस ऑफ द पीसकडे, या काउंटीतल्या छोट्या खटल्यांच्या जजकडे, म्हणजे सगळे ज्याला ‘जेपी कोर्ट’ म्हणतात तिथे. एका काउंटीत या कोर्टांचे प्रीसिंक्ट, म्हणजे विभाग, एकापासून आठपर्यंत असू शकतात, त्यामुळे काउंटीचं नाव कळून भागत नाही, प्रीसिंक्ट नंबरही लागतो. मैत्रिणीच्या मुलाने चुकीच्या प्रीसिंक्टच्या पानावर आठवडाभर नाव शोधलं आणि ‘नो रेकॉर्ड्स फाउंड’ पाहून तिकीट रद्द झालं असं समजून खूश झाला. तसं काही होत नसतं.

आता शोधण्याचं. ट्रूपर गाडीतल्या छोट्या प्रिंटरवर तिकीट काढून देतात, त्याचा कागद दुकानाच्या पावतीसारखा असतो. नवऱ्याने ते डॅशबोर्डवर ठेवलं. टेक्सासच्या उन्हात ते इतकं उडालं की कोर्टाचा पत्ता वाचता येत होता आणि तिकिटाचा नंबर नाही. सहीच्या जागी नुसता राखाडी डाग. (फोटो लगेच काढा, गाडी रस्त्याच्या कडेला असतानाच.) मग नाव आणि जन्मतारखेवरून शोधायचं, आणि इथे आपल्या नावांची पंचाईत होते. लायसन्सवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून असतं. पोर्टलवर कधी ते पहिल्या नावाला जोडून येतं, कधी आडनावाला. पूर्ण नाव टाकलं की काहीच सापडत नाही. नुसतं आडनाव आणि जन्मतारीख टाकली की सापडतं. भाच्याची केस अशीच मिळाली. तेसुद्धा लगेच नाही, कारण अधिकाऱ्याने तिकीट कोर्टात दाखल केल्यावर क्लार्क ते चढवतात, त्यात दिवस जातात. दुसऱ्या दिवशी दिसलं नाही म्हणून घाबरू नये आणि निवांतही बसू नये. तिकिटावर हजर राहण्याची तारीख छापलेली असते, ती पोर्टलसाठी थांबत नाही.

केस सापडली की पानावर एकच ठसठशीत हिरवं बटण दिसतं: पैसे भरा. माझी खरी तक्रार या बटणाबद्दल आहे. ते दाबून पैसे भरणं म्हणजे गुन्हा मान्य करणं, किंवा निदान ‘नो कॉन्टेस्ट’, म्हणजे ‘मान्य करत नाही, पण लढतही नाही’, म्हणणं. दोन्हीचा परिणाम एकच: दोषी ठरल्याची नोंद डीपीएसकडे जाते आणि विमा कंपनीला दिसते. हे पानावर लिहिलेलं आहे, नाही असं नाही, पण खाली, बारीक अक्षरात, कार्डाचा नंबर टाकण्याच्या चौकोनाखाली. तिकिटावर रस्त्याच्या कडेला केलेली सही हजर राहण्याचं वचन असते, कबुली नसते. कबुली इथे, या बटणाने होते.

नवऱ्याचा वेग ताशी ७५ मैलांच्या हद्दीत ८९ होता. म्हणजे डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करून तिकीट डिसमिस करून घ्यायचा त्याचा हक्क होता. हक्कच, जजची कृपा नव्हे. अटी ठरलेल्या आहेत: टेक्सासचं लायसन्स हवं, विम्याचा पुरावा हवा, मागच्या १२ महिन्यांत असा कोर्स करून तिकीट मिटवलेलं नको, वेग हद्दीपेक्षा २५ मैलांनी किंवा त्याहून जास्त नको, ९५ किंवा वर तर नकोच, आणि कामगार हजर असलेल्या कन्स्ट्रक्शन झोनमधलं नको. ट्रकवाल्यांना, म्हणजे सीडीएल (व्यावसायिक लायसन्स) असलेल्यांना, हा मार्ग बंद. विनंती मात्र हजर राहण्याच्या तारखेपर्यंत करायची. आम्ही अर्ज, लायसन्स आणि विम्याची झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि कोर्ट कॉस्टचा मनी ऑर्डर सर्टिफाइड मेलने पाठवला, पोचपावतीसह. पर्सनल चेक त्या कोर्टात चालत नाही, आणि हे पोर्टलवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग ९० दिवसांत सहा तासांचा ऑनलाइन कोर्स. कायद्यानेच त्याची किंमत २५ डॉलरपेक्षा कमी ठेवता येत नाही, त्यामुळे ‘सगळ्यात स्वस्त’ शोधण्यात रात्र घालवू नका. कोर्सच्या सर्टिफिकेटबरोबर डीपीएसकडून ३ए प्रकारचं ड्रायव्हिंग रेकॉर्डही मागवून जोडावं लागतं. लोक हे दुसरं विसरतात आणि मग कोर्स करूनही दंड भरतात.

यातली एकही गोष्ट पोर्टलवर अर्ज म्हणून करता येत नाही. फोन करायचा. फोन १२ ते १ उचलत नाहीत, जेवणाची सुट्टी. बाकी वेळी साधारणपणे एकच बाई उचलतात आणि त्या केस नंबर न विचारता आडनावावरून ओळखतात. त्या काउंटीत आमच्यासारखी आडनावं मोजकीच असणार. एकदा भाच्याच्या अर्जावर जजची सही झाली का हे विचारायला फोन केला तर म्हणाल्या, “जज बाहेर गेलेत, हनी. एका रँचवर एक आजोबा रात्री झोपेत गेले, तिकडे जावं लागलं त्यांना. दुपारनंतर कर.” मला आधी कळेचना की जजचा तिथे काय संबंध. पण ज्या काउंटीत मेडिकल एक्झॅमिनर नाही तिथे मृत्यूची चौकशी जेपीच करतो. लग्नंही तोच लावतो, भाडेकरूंची प्रकरणं आणि २० हजार डॉलरपर्यंतचे दावेही त्याच्याकडेच. निवडून आलेला माणूस, वकील असायलाच हवा असंही नाही. तेव्हा माझा स्पीडिंगचा अर्ज टेबलावर दोन दिवस पडून राहिला तर तक्रार करायला तोंड उरलं नाही. क्लार्कबाई कायद्याचा सल्ला देत नाहीत, तसं त्या स्पष्ट सांगतात. पण “माझ्यापुढे पर्याय कोणते?” असं विचारलं की सगळे पर्याय वाचून दाखवतात, आणि फॉर्म ईमेलने पाठवतात. “मी काय करू?” असं विचारू नका.

भाच्याची केस जरा वाकडी. ७५चा रस्ता गावाशी येताच ५५ होतो, आणि तिथे पोरगं ८३ने. २८ मैल जास्त, म्हणजे कोर्सचा हक्क गेला. उरला डिफर्ड डिस्पोझिशन, आणि तो मात्र पूर्णपणे जजच्या मर्जीवर. पैसे भरायचे, जास्तीत जास्त १८० दिवस नवीन तिकीट मिळू द्यायचं नाही, मग केस डिसमिस. पण भाचा २५ वर्षांच्या आतला. कायदा म्हणतो की या वयात डिफर्ड दिला तर ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स, म्हणजे तोच डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगवाला, करायला लावायचाच. म्हणजे कोर्स करून तिकीट मिटवता येणार नाही, पण मिटवायचं तर कोर्स करायचाच. भाचा म्हणाला, “मावशी, यात लॉजिक काय?” मी म्हटलं, आधी सर्टिफिकेट आण, लॉजिक नंतर.

वेगाची हद्द अशी अचानक उतरते त्यावर सगळे ‘गावं पैसे कमावतात’ म्हणतात. थोडं खरं असेलही. पण पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावाला ट्रॅफिकच्या दंडातून आधीच्या वर्षीच्या महसुलाच्या ३० टक्क्यांपर्यंतच रक्कम ठेवता येते, वरचं जवळजवळ सगळं राज्याकडे जातं. आणि आमचा ट्रूपर तर राज्याचा होता, गावाचा नव्हे.

महिन्यांनंतर काय? नवऱ्याची केस डिसमिस झाल्याचं पोर्टलवर यायला वेळ लागला, पण आलं. भाच्याची मुदत संपून बरेच दिवस झाले तरी ‘डिफर्ड’च दिसत होतं. फोन केला, दुपारपर्यंत बदललं. तेव्हा लक्षात ठेवा, मुदत संपल्यावर पोर्टल आपणहून जागं होईल या भरवशावर राहायचं नाही. आणि डिसमिसलचा शिक्का असलेला कागद मागून घ्या, पोर्टलचा स्क्रीनशॉट पुरत नाही. आमच्यासारख्यांना त्याची किंमत जास्त. २०२५च्या एप्रिलमध्ये देशभरात अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी यादी) नोंदी रद्द झाल्या होत्या, त्यात नुसतं ट्रॅफिक तिकीट असलेलेही होते. महिनाअखेरीस सरकारने नोंदी परत सुरू करायला घेतल्या, पण त्या काळात भाच्याच्या हॉस्टेलवर कोणी नीट झोपत नव्हतं. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातही कधी ‘साइट’ (cited) झालात का, म्हणजे पोलिसांनी तिकीट दिलं का, असा प्रश्न असतो. तेव्हा कागद जवळ असलेला बरा.

पैशांबद्दल थोडं. स्पीडिंगचा मूळ दंड कायद्याने २०० डॉलरपर्यंत, पण कोर्ट कॉस्ट आणि राज्याचे ५० डॉलर मिळून आकडा फुगतो. कार्डाने भरलं तर पेमेंट कंपनीची फी वेगळी, स्टेटमेंटवर दोन ओळी दिसतात, दुसरी पाहून कार्ड चोरीला गेलं असं समजू नका. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागता येतात, मात्र निकालानंतर ३० दिवसांत फिटलं नाही तर १५ डॉलर वर. आणि काहीच केलं नाही तर ओम्नीबेसमध्ये (हजर न राहिलेल्या किंवा दंड थकवलेल्यांच्या यादीत) नाव जाऊन लायसन्सचं नूतनीकरण अडू शकतं. ते सोडवायला आणखी १० डॉलर, शिवाय वॉरंटची टांगती तलवार.

‘थकलेलं तिकीट आजच भरा, नाहीतर लायसन्स रद्द’ असे मेसेज येतात, ते उघडूच नका. थकलेल्या टोलच्या नावाने येणाऱ्या अशा मेसेजबद्दल एफबीआयने एप्रिल २०२४मध्येच इशारा दिला होता. शंका आली तर तिकिटावर छापलेल्या नंबरवर फोन करा, मेसेजमधल्या नाही.

सीडीएल असेल, कन्स्ट्रक्शन झोन असेल, किंवा तिकिटाबरोबर अपघात असेल तर या लेखातलं काही उपयोगाचं नाही, त्या भागातला ट्रॅफिक वकील गाठा. बाकीच्यांनी आधी फोन करावा, सोमवारी सकाळी नको, मंगळवारी दहाच्या सुमारास.