गेमच्या टीममध्ये कोणती खुर्ची तुमची?

गेम संपला की पडद्यावरून नावं सरकायला लागतात आणि आपण बटण दाबून ती उडवून लावतो. गेम बनवण्याच्या कामात शिरायचं मनात असेल, तर पुढच्या वेळी ती यादी शेवटपर्यंत पाहा. 'रेड डेड रिडेम्प्शन २'ची (२०१८) यादी हजारो नावांची आहे. उलट 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) या गेमचा कोड, चित्रं, संगीत आणि संवाद एरिक बरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून तयार केले.

या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी तुमची जागा आहे. ती शोधताना बहुतेक जण 'मला गेममधलं काय आवडतं?' असं स्वतःला विचारतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. खेळताना जे आवडतं आणि बनवताना दिवसभर जे करावं लागतं, त्यांचा संबंध फार थोडा. कथा आवडते म्हणून लेखक झालेल्याला पहारेकऱ्याच्या तोंडी 'कोण आहे रे तिकडे?' एवढ्याच अर्थाची पंचवीस-तीस वेगवेगळी वाक्यं लिहावी लागतात, कारण तेच वाक्य दहाव्यांदा कानावर पडलं की खेळाडू वैतागतो. म्हणून इथे प्रत्येक भूमिका मी एकाच मापाने मोजली आहे: तिच्यातलं कंटाळवाणं काम कोणतं, आणि ते तुम्ही वर्षानुवर्षं करू शकाल का?

डिझायनर की प्रोग्रामर

नव्याने येणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ या दोघांत होतो. आधी एक गैरसमज दूर करू. गेम डिझायनर म्हणजे चित्रं काढणारा नव्हे. उडी किती उंच जाईल, शत्रू किती फटक्यांत मरेल, कोणत्या वाटेने गेल्यावर बक्षीस मिळेल, हे नियम तो ठरवतो. प्रोग्रामर ते नियम यंत्राकडून पाळून घेतो.

'सेलेस्ट' (२०१८) या गेममधली उडी घ्या. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाच्या एका छोट्या तुकड्यापर्यंत उडीचं बटण चालतं. खेळाडूला हे कळतही नाही. त्याला एवढंच वाटतं की आपण अगदी वेळेवर उडी मारली. ही सवलत द्यायची हा विचार डिझाइनचा, ती चालवून दाखवणं कोडचं. पण ती नेमकी किती फ्रेमची (पडद्यावर एकामागून एक झळकणाऱ्या स्थिर चित्रांची) असावी, हे कुणाच्याही डोक्यातून एका दमात निघत नाही. आकडा बदला, खेळा, पुन्हा बदला, पुन्हा खेळा. डिझायनरचा दिवस असाच जातो. उरलेला वेळ तक्त्यांत, टिपणांत, आणि दुसऱ्या माणसाला आपला गेम खेळताना गप्प बसून पाहण्यात. हे शेवटचं सगळ्यात अवघड. तुम्ही तीन आठवडे घासून बनवलेल्या लेव्हलमध्ये खेळाडू भलत्याच दिशेने जातो, चिडतो आणि कंट्रोलर खाली ठेवतो. तुम्हाला तोंड उघडायची मुभा नसते, कारण गेम विकत घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. आपली कल्पना डोळ्यांदेखत आपटलेली पाहून ज्याला दुसऱ्या दिवशी उत्साहाने ती मोडून टाकता येते, त्याने डिझायनर व्हावं.

प्रोग्रामरचा जाच वेगळा. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल, तर प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.६ मिलिसेकंद मिळतात. शत्रूंची हालचाल, टकरा, आवाज, चित्रण सगळं त्यातच बसवायचं. आणि मग असा बग, म्हणजे कोडमधली चूक, येतो, जो पन्नास वेळा खेळल्यावर एकदा दिसतो आणि कोड तपासायला बसलं की दडून बसतो. चार दिवस त्याच्या मागे धावण्यात ज्याला चिडचिडीपेक्षा शिकारीची मजा वाटते, त्याची ही खुर्ची.

या दोन कामांमधली रेघ नेहमी ठळक नसते. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) बनवताना तोमोहिरो निशिकादो यांच्या लक्षात आलं की परग्रहवासी जसजसे मरतात, तसतसं चित्रण हलकं होतं आणि उरलेले वेगाने सरकू लागतात. यंत्राची ती मर्यादा त्यांनी तशीच राहू दिली, आणि शेवटी शेवटी वाढणारी धाकधूक हीच त्या खेळाची ओळख ठरली. शिगेरू मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकून १९७७ मध्ये निन्तेंदोत आले आणि प्रोग्रामर नसताना त्यांनी 'डाँकी काँग' (१९८१) रचला. सातोरू इवाता अस्सल प्रोग्रामर. हॅल लॅबोरेटरी या कंपनीचे प्रमुख असतानाही त्यांनी 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' कार्ट्रिजमध्ये मावावेत म्हणून चित्रं दाबून लहान करणारी साधनं लिहून दिली, आणि पुढे २००२ मध्ये ते निन्तेंदोचे अध्यक्ष झाले. दोन्ही वाटांनी माणसं वर गेली आहेत.

तरी कौल द्यायचाच, तर दोन्ही सारखंच आवडत असेल त्याने आधी कोड शिकावा. नवशिक्या डिझायनरसाठी जागा कमी असतात आणि तिथे प्रमाणपत्राला फारशी किंमत नसते, खेळता येईल असं काहीतरी दाखवावं लागतं. कोड येत असेल तर ते तुम्ही स्वतः बनवू शकता. शिवाय गेमचा धंदा मंदावला तर प्रोग्रामरला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं. डिझायनरला ती पळवाट अरुंद आहे.

प्रोग्रामरांमधल्या एका जातीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे साधनं बनवणारे. लेव्हल मांडायची खिडकी, संवाद भरायचा तक्ता, एका बटणात बिल्ड, म्हणजे चालवून पाहता येईल अशी गेमची प्रत, तयार करणारी यंत्रणा हे सगळं ते सहकाऱ्यांसाठी लिहितात. ज्याला कोडही आवडतो आणि माणसंही, त्याला मी हीच जागा सुचवेन. तुमच्या कामाने शेजारच्याचा अर्धा तास वाचला, हे त्याच दिवशी दिसतं.

आर्टिस्ट: कोणता आर्टिस्ट?

'मला गेम आर्टिस्ट व्हायचंय' हे वाक्य अर्धवट आहे. कन्सेप्ट आर्टिस्ट कल्पनेतलं जग प्रथम कागदावर आणतो. याच कामाकडे सगळे ओढले जातात. पण जागा इथे कमी, आणि काढलेल्या चित्रांपैकी बहुतेक गेममध्ये कधी दिसतच नाहीत. ती दिशा ठरवण्यासाठी असतात आणि काम झालं की बाजूला पडतात. त्याच्या तुलनेत त्रिमितीत पिंपं, दारं, दगड, भिंती बनवणाऱ्यांची गरज कितीतरी जास्त. ॲनिमेटरचं काम आणखी वेगळं. त्याला शरीराचं वजन कळावं लागतं, आणि बटण दाबताच तलवार हलली पाहिजे म्हणून सुंदर हालचालीचे पहिले काही क्षण कापून टाकायची तयारी ठेवावी लागते. सिनेमातून येणाऱ्या ॲनिमेटरला हे कापणं फार जड जातं.

गेममधली कला नेहमी काटकसरीत जगते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. त्यातले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. आज जागा प्रचंड वाढली, तरी हिशेब सुटलेला नाही. त्रिमितीतलं मॉडेल ज्यांचं बनतं ते त्रिकोण किती, त्यावर चढवायचं चित्र म्हणजे टेक्स्चर किती मोठं, हे रोज मोजावं लागतं. ज्याला हा हिशेब कलेचा अपमान वाटतो, त्याने चित्रं काढावीत, पण गेमसाठी नको. ज्याला तो कोड्यासारखा सोडवावासा वाटतो, त्याने टेक्निकल आर्टिस्ट हे नाव लक्षात ठेवावं. अर्धा चित्रकार, अर्धा प्रोग्रामर असा माणूस सहजी मिळत नाही.

आवाजाच्या कामाबद्दल थोडक्यात: टीममध्ये या जागा एक-दोनच असतात आणि पुष्कळ संगीतकार कंत्राटावर काम करतात. लोकांच्या ओठांवर धून राहते, पण तासांचा हिशेब मांडला तर जास्त वेळ गवतावरची, लाकडावरची, पाण्यातली पावलं वेगवेगळी ऐकू यावीत यात जातो. दरमहा पगार हवा असेल तर ही वाट सगळ्यात बेभरवशाची.

टेस्टर आणि प्रोड्युसर

टेस्टर दिवसभर गेम खेळतो, असं बाहेरून वाटतं. दुरून डोंगर साजरे. प्रत्यक्षात तो एकाच भिंतीवर प्रत्येक पात्र घेऊन, प्रत्येक कोपऱ्यातून जाऊन आदळतो आणि पात्र आरपार गेलं की लिहून ठेवतो: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं. चांगली नोंद लिहिणं हे कौशल्य आहे. वाचणाऱ्या प्रोग्रामरला एकही प्रश्न विचारावा लागू नये, अशी नोंद करणाऱ्या टेस्टरला टीममध्ये मान असतो.

या खुर्चीतलं दुःख मात्र आधीच समजून घ्या. बग शोधणं तुमच्या हातात असतं. गेम तशा अवस्थेत बाजारात न्यायचा की थांबवायचा, हे दुसरेच ठरवतात. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता, की सोनीने काही दिवसांतच आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला. तो परत यायला जून २०२१ उजाडला. पगार आणि नोकरीची शाश्वतीही इथे सहसा इतरांपेक्षा कमी. रेव्हन सॉफ्टवेअर या गेम कंपनीच्या टेस्टरांनी २०२२ मध्ये संघटना उभी केली, ती काही उगाच नाही.

'आधी टेस्टर म्हणून आत शिरा, मग डिझायनर व्हा' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो काही ठिकाणी खरा ठरतो, काही ठिकाणी साफ खोटा. मुलाखतीत एकच गोष्ट विचारा: टेस्टर थेट डेव्हलपरांशी बोलतात का? उत्तर 'नाही, नोंदी दुसऱ्या कंपनीमार्फत जातात' असं असेल, तर त्या दारातून आतली खोली दिसणार नाही.

प्रोड्युसर म्हणजे कल्पनांचा मालक नव्हे. पात्राचं चित्र मंजूर झाल्याशिवाय मॉडेल होत नाही, मॉडेलशिवाय ते हलवणारा आतला सांगाडा नाही, सांगाड्याशिवाय ॲनिमेशन नाही. कोण कुणासाठी अडलंय, हे ज्याच्या डोक्यात सतत चालू असतं तो प्रोड्युसर. चांगला प्रोड्युसर 'हे या गेममध्ये बसणार नाही' असं लवकर सांगतो. ते वेळेवर सांगितलं गेलं नाही, की टीमच्या रात्री आणि रविवार जातात. या धंद्यात त्याला क्रंच म्हणतात. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने या तासांविरुद्ध निनावी उघड पत्र लिहिलं, तेव्हा त्याची खुली चर्चा सुरू झाली. अप्रिय गोष्ट शांतपणे आणि वेळेवर सांगता येत असेल, तर या खुर्चीत तुम्ही इतरांचं आयुष्य खरोखर सुसह्य करू शकता. मला हे काम अतिशय मोलाचं वाटतं.

छोटी टीम की मोठा स्टुडिओ

एकाच भूमिकेचा अर्थ टीमच्या आकाराप्रमाणे बदलतो. पाच जणांत प्रोग्रामर सकाळी उडी सुधारतो आणि दुपारी सेव्ह फाइल दुरुस्त करतो. पाचशे जणांत तो कदाचित दोन वर्षं फक्त दारं कशी उघडतात यावर काम करेल. पण ती दारं त्याच्याइतकी नीट फार थोड्यांना येतील, आणि शेजारी वीस वर्षं मुरलेला माणूस बसलेला असेल.

'हॉलो नाइट' (२०१७) बनवणारी टीम चेरी ही मोजक्या माणसांची टीम. त्यांनी पुढच्या भागाची, 'सिल्कसाँग'ची, घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये केली आणि तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला. असा वेळ त्यांना घेता आला, कारण आधीचा गेम विकला गेला होता. तुमच्या छोट्या टीमकडे तसा साठा नसेल, तर आधी विचारा की पैसे किती महिन्यांचे आहेत. मोठ्या स्टुडिओत पगार वेळेवर होतो, पण खुर्ची पक्की असतेच असं नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरात हजारोंना घरी जावं लागलं.

एकट्याने गेम बनवल्याच्या गोष्टी जपून वाचा. 'अंडरटेल' (२०१५) टोबी फॉक्स यांच्या एकट्याच्या नावावर सांगितला जातो, पण त्यातली पुष्कळ चित्रं टेमी चँग यांची आहेत. ते क्रेडिट्समध्ये, म्हणजे शेवटी सरकणाऱ्या नावांच्या यादीत, दिसतं. सत्तरच्या दशकात अटारी ही कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नावच छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर'मध्ये गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लपवलं, तर त्याच कंपनीतले चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. तिने गेम बनवणाऱ्याचं नाव खेळाडूसमोर आणलं. करारावर सही करण्याआधी तुम्हीही विचारा: गेम येण्यापूर्वी मी सोडून गेलो, तर माझं नाव यादीत राहील का?

पहिल्या नोकरीसाठी माझी पसंती मधल्या आकाराच्या टीमला आहे. तिथे तुमच्याच कामातलं एक तरी अनुभवी माणूस हाताखाली घेईल आणि गेम पूर्ण होताना दिसेल.

एवढं वाचूनही ठरत नसेल, तर एका गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवण्याच्या उपक्रमात, उतरा. 'लुडम डेअर' २००२ पासून चालू आहे, 'ग्लोबल गेम जॅम' २००९ पासून. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. ४८ तासांत एक पडदा, एक पात्र, एक उडी, इतकंच करा. शेवटचे सहा तास उरतील तेव्हा सगळंच अर्धवट असेल. तेव्हा तुमचा हात आधी कुठे जातो, ते पाहा: उडीच्या आकड्याकडे, न सापडणाऱ्या बगकडे, भिंतीच्या रंगाकडे, पावलांच्या आवाजाकडे, की काय सोडून द्यायचं याच्या यादीकडे. आणि जॅम संपल्यावर ती फाइल पुसू नका. पहिल्या मुलाखतीत दाखवायला तीच लागेल.