झॅबिक्स की नॅगिऑस? लिंक पडल्याचा एसएमएस मॉडेममधून हवा असेल तर

वीस-पंचवीस शाखा, प्रत्येक शाखेत एक राऊटर आणि एक स्विच. एवढ्या नेटवर्कवर नजर ठेवायला झॅबिक्सही पुरतं आणि नॅगिऑस कोअरही, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. खरा फरक पडतो तो नोड (नजर ठेवायचं प्रत्येक उपकरण) भरताना आणि अलार्म बाहेर काढताना.

फक्त ईमेलवर भिस्त ठेवू नका. मुख्य कार्यालयाची इंटरनेट लाइनच गेली तर ती गेल्याचा मेल जाणार कुठून? ऑनलाइन एसएमएस गेटवेचंही तेच, शिवाय त्यासाठी डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) नोंदवावे लागतात. सर्व्हरला जोडलेला, सिम घातलेला जीएसएम मॉडेम थेट मोबाइल टॉवरमार्फत मेसेज पाठवतो, म्हणून तो हवाच.

नोड भरायला झॅबिक्स सोपं. होस्ट (म्हणजे नोडची नोंद) बनवा, एसएनएमपी (उपकरणाला त्याची स्थिती विचारायची पद्धत) इंटरफेस द्या, तपासण्यांचं तयार टेम्प्लेट लावा, सगळं ब्राउझरमधून. नॅगिऑसमध्ये प्रत्येक नोड टेक्स्ट फाइलमध्ये लिहावा लागतो. पण त्याची ‘पेरेंट्स’ची सोय मला फार आवडते. स्विचच्या व्याख्येत पेरेंट म्हणून राऊटरचं नाव दिलं, की राऊटर पडल्यावर स्विच ‘डाउन’ऐवजी ‘अनरीचेबल’ दिसतो. अनरीचेबलचं नोटिफिकेशन बंद ठेवलं की एका बिघाडाचा एकच एसएमएस येतो. झॅबिक्समध्ये यासाठी ट्रिगर डिपेंडन्सी, म्हणजे कुठला अलार्म कुठल्यावर अवलंबून आहे ते, लावावी लागते. काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. बऱ्याच प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएसच मिळतात, आणि मुख्य लिंक सारखी पडू-उठू लागली की तेवढे बघता बघता संपतात.

मॉडेमसाठी झॅबिक्समध्ये एसएमएसचा मीडिया टाइप (अलार्म पाठवायचा मार्ग) तयारच असतो, सिरियल पोर्ट सांगितलं की झालं. नॅगिऑसला मॉडेममधून एसएमएस पाठवणारं गामूसारखं वेगळं सॉफ्टवेअर जोडावं लागतं. तरीही मी झॅबिक्स घेऊन मेसेज स्क्रिप्टमधून गामूकडेच देईन. गामूचा एसएमएसडी हा सतत मागे चालणारा प्रोग्राम मेसेजची रांग सांभाळतो, आणि बॅकअप किंवा यूपीएसच्या स्क्रिप्टलाही तोच मॉडेम वापरता येतो. फाइली लिहायची सवय असलेला माणूस हाताशी असेल आणि नोड फारसे बदलत नसतील, तर नॅगिऑस खुशाल घ्या.

मॉडेम घेताना सिम कुठलं घालणार ते आधी ठरवा. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे स्वस्तातला टूजी मॉडेम त्यावर चालणार नाही. सिमचा पिन-लॉक काढून टाका. यूएसबी मॉडेमचा पोर्ट नंबर रीबूटनंतर बदलू शकतो, म्हणून कॉन्फिगमध्ये ‘बाय-आयडी’चा, म्हणजे न बदलणाऱ्या नावाचा, पाथ द्या. उबुंटूवर मॉडेममॅनेजर हा आपोआप चालणारा प्रोग्राम पोर्ट धरून बसतो, तो बंद करा. मेसेज देवनागरीत लिहिला तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. त्यामुळे शाखेचं नाव आणि नोड एवढंच पाठवा.

सगळं जोडून झालं की मुख्य कार्यालयातली इंटरनेटची केबल काढा आणि एसएमएस येतो का ते बघा. सिमच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, कारण वैधता संपली की आउटगोइंग बंद होतं आणि झॅबिक्सच्या डॅशबोर्डवर तेव्हाही सगळं हिरवंच दिसत असतं.