वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स: आधी १९३८चं ऐकावं की १९७८चं?

एच. जी. वेल्स यांची ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या हल्ल्याची कादंबरी वाचून झाली, आता ती ऐकायची आहे, असं कुणी म्हणालं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक, ऑर्सन वेल्स आणि त्यांच्या मर्क्युरी थिएटरनं ३० ऑक्टोबर १९३८च्या रविवारी सीबीएस रेडिओवर केलेलं तासाभराचं नभोनाट्य. दुसरं, जेफ वेन यांचा १९७८चा संगीतमय अल्बम, ज्याचं निवेदन रिचर्ड बर्टन यांनी केलं आहे. बाकीही रूपांतरं आहेत. बीबीसीनं वेळोवेळी केलेली आहेत, पन्नाशीनिमित्त १९८८मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओनं केलेलंही बरं आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं घोडं या दोघांतच अडतं, म्हणून मीही या दोघांपुरतंच बोलतो.

हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो, कारण मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतो. १९३८च्या नाटकात मंगळावरून आलेलं पहिलं नळकांडं जिथे कोसळतं ते ग्रोव्हर्स मिल आमच्याच टाउनशिपमध्ये आहे. संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कोच यांनी डोळे मिटून रस्त्यांच्या नकाशावर पेन्सिल टेकवली आणि ती इथे पडली, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. व्हॅन नेस्ट पार्कात त्याचं स्मारक आहे. या भागात मराठी घरं बरीच. पुण्याहून, नागपुराहून आई-वडील, भाचरं आली की प्रिन्स्टनचा फेरफटका झाल्यावर त्यांना इकडे आणायचं, हे ठरलेलं. घरी आल्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘मग ते नाटक लाव की.’ त्यामुळे दोन्ही रूपांतरं बऱ्याच वेगवेगळ्या कानांवर पडताना मी जवळून पाहिली आहेत, आणि एक कुठलं तरी निवडणं मला भाग पडलंय.

तुलनेआधी एक अडसर दूर करायला हवा, कारण निम्मे श्रोते त्याच्यामुळेच हिरमुसतात. ‘हे नाटक ऐकून सगळी अमेरिका रस्त्यावर आली होती,’ हे आपण कुठेतरी वाचलेलं असतं. मग माणूस नाटक ऐकायला बसत नाही, आपल्याला भीती वाटते का ते बघायला बसतो. दहाव्या मिनिटाला म्हणतो, ‘एवढ्यावर लोक घाबरले?’ खरं तर त्या रात्री श्रोतृसंख्या मोजणाऱ्या हूपर कंपनीनं सुमारे ५,००० घरांत फोन केले, तेव्हा हे नाटक ऐकणारे निघाले दोन टक्के. त्याच वेळी एनबीसीवर एडगर बर्गन आणि त्यांच्या बोलक्या बाहुल्याचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९४०च्या पुस्तकात अंदाज दिला की साठेक लाखांनी नाटक ऐकलं, त्यातल्या १७ लाखांना ती बातमी वाटली आणि १२ लाख घाबरले किंवा अस्वस्थ झाले. हा आकडा फुगलेला आहे, असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. कँट्रिल यांच्या सविस्तर मुलाखती १३५ जणांच्या, आणि त्यातले बहुतेक जण घाबरले होते म्हणूनच निवडलेले. वर्तमानपत्रांचाही रेडिओवर राग होता, कारण जाहिराती तिकडे चालल्या होत्या. लोक घाबरले हे खरं, पोलिसांचे फोन खणखणत राहिले हेही खरं. हिटलरमुळे युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर आला ते म्युनिकचं संकट महिन्याभरापूर्वीचं, कार्यक्रम मध्येच तोडून बातम्या सांगायची रेडिओची पद्धत तेव्हा कानांत ताजी होती. काहींना तर हल्ला जर्मनांनी केलाय असंच वाटलं. पण ऑर्सन वेल्स यांच्या नावे आलेल्या पत्रांत तक्रारींपेक्षा कौतुक जास्त होतं, ही गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही.

याच कादंबरीवरून खरोखरचा अनर्थ झाला तो इक्वाडोरच्या राजधानीत, फेब्रुवारी १९४९मध्ये. रेडिओ कीतोनं असंच बातम्यांच्या रूपात नाटक केलं, फसवलं गेल्याचं कळल्यावर जमाव खवळला आणि ज्या इमारतीतून प्रसारण चालू होतं ती ‘एल कोमेर्सियो’ दैनिकाची इमारत जाळली. किमान सहा माणसं गेली. ‘श्रोत्यांची प्रतिक्रिया’ हा विषय निघाला की मला १९३८पेक्षा कीतोच आधी आठवतं.

आता १९७८. मी तो अल्बम मनापासून मानतो, आणि ज्याला तो जास्त आवडतो त्याच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही. पहिलं कारण बर्टन. त्यांचा आवाज ज्या गांभीर्यानं सुरुवात करतो, त्यानं खोलीतली कुजबुज आपोआप थांबते. दुसरं, तो कादंबरीशी जास्त इमानदार आहे. गोष्ट इंग्लंडमध्येच राहते, हॉर्सेलच्या माळावरच नळकांडं पडतं, तोफखान्याचा सैनिक आहे, धर्मगुरू आहे, आणि ‘थंडर चाइल्ड’ या युद्धनौकेची झुंज आहे. १९३८च्या नाटकात ही झुंज नाहीच, तिच्या जागी मंगळवासीयांच्या यंत्रावर जाऊन आदळणारं बॉम्बफेकी विमान आहे. कादंबरीवर जीव असलेल्याला ‘थंडर चाइल्ड’ हवीच असते, आणि जेफ वेन ती भरभरून देतात. माझी भाची गिटार वाजवते. तिनं सुरुवातीचं संगीत ऐकलं आणि तिथल्या तिथे तोच तुकडा पुन्हा लावायला लावला. मंगळवासीयांची ‘उल्ला’ ही आरोळी तर घरातली पोरं नंतर दिवसभर देत हिंडतात. असं १९३८च्या नाटकाचं होत नाही. ते ऐकून कुणी काही गुणगुणत नाही.

तरीही माझी निवड ठरली ती एका जाचामुळे, आणि तो जाच आहे १९७८च्या अल्बममधला. त्यात शांतता नाही. माणसं मरतात, गावं जळतात, निवेदक एकटा पडतो, आणि खाली ठेका चालूच राहतो. बर्टन एखादं भयंकर वाक्य बोलतात. ते वाक्य मनात उतरायला जेवढी उसंत हवी तेवढ्यात सिंथेसायझर येऊन ती जागा भरून टाकतो. मग गाणं लागतं. गाणी चांगली आहेत, जस्टिन हेवर्डचं तर फारच. पण धर्मगुरूच्या प्रसंगातलं गाणं दहा मिनिटांच्याही पुढे जातं आणि तेवढ्यात ऐकणारा गोष्टीतून उठून बाहेर येतो. मी हे समोर पाहिलंय: ठेका पकडून पाय हलायला लागतात, कुणी चहाचं विचारतं, कुणी फोन बघतं. त्यांना कंटाळा आलेला नसतो, उलट मजा येत असते. फक्त मंगळवासी आलेत हे ते विसरलेले असतात. पहिल्यांदा ऐकताना मला हे तितकंसं खटकलं नव्हतं. पुढे पुढे मात्र इतकं खटकायला लागलं की ‘आता जरा थांबा हो’ असं मनात यायचं.

याच्यासमोर १९३८मधली एक जागा ठेवतो. वार्ताहर कार्ल फिलिप्स ग्रोव्हर्स मिलच्या शेतातून बोलतोय. फ्रँक रीडिक यांनी ही भूमिका करण्याआधी हिंडेनबर्ग या वायुजहाजाच्या १९३७मधल्या अपघाताचं ध्वनिमुद्रण ऐकून ऐकून तो आवाज घोटवला होता, आणि ते कळतं. सुरुवातीला तो सफाईदार आहे, मग वाक्यं तुटायला लागतात, श्वास मध्ये येतो. ज्वाला पसरतेय, इकडेच येतेय, माझ्या उजवीकडे वीसेक यार्डांवर… आणि मायक्रोफोन पडल्याचा आवाज. त्यानंतर काहीच नाही. संगीत नाही, किंकाळी नाही, खरखरसुद्धा जवळजवळ नाही. काही सेकंदच असतील, पण थेट प्रसारणात तेवढा वेळ मुकं राहायला फार मोठी छाती लागते. ऑर्सन वेल्स तेव्हा तेवीस वर्षांचे होते. मग स्टुडिओतला निवेदक अगदी थंडपणे सांगतो की आमच्या हाताबाहेरच्या कारणामुळे तिथलं प्रसारण पुढे चालू ठेवता येत नाही, आणि पियानो वाजायला लागतो.

या जागी मी नाटकाकडे लक्ष न देता माणसांकडे बघतो. माझी मावशी आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत मोठी झालेली, तिला रेडिओवरच्या नाटकाचं काही अप्रूप नाही. डोळे मिटून ऐकत होती. शांतता झाली तसे तिनं डोळे उघडले आणि दबक्या आवाजात म्हणाली, ‘बंद पडलं का रे?’ तिच्या नातवानं ब्लूटूथ तुटलं समजून स्पीकरकडे हात नेला. पियानो सुरू झाला तेव्हा मावशीनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. एवढंच. पण त्या क्षणी दोघंही पूर्णपणे त्या शेतात होते. पुढे सीबीएसच्या गच्चीवरून बोलणारा निवेदक धुरात कोसळतो आणि एक हौशी रेडिओवाला ‘रेडिओवर कुणीच नाही का?’ असं विचारत राहतो, तेव्हाही तेच होतं. त्या शांततेत ऐकणारा स्वतःहून काहीतरी भरतो. १९७८चा अल्बम त्याला तेवढी जागाच देत नाही.

१९३८ला दोष नाहीत असं अजिबात नाही. साधारण चाळिसाव्या मिनिटाला मध्यंतर होतं आणि तिथून बातम्यांचा घाट सुटतो. नाटकातले खगोलशास्त्रज्ञ प्राध्यापक पिअर्सन एकटेच बोलत बोलत न्यूयॉर्ककडे चालू लागतात. तेवढा भाग सैल आहे, आणि ज्येष्ठ मंडळी तिथे पेंगतात हेही मी पाहिलंय. दुसरं म्हणजे बोलणं भरभर आणि ध्वनिमुद्रण जुनं. इंग्रजी रोज कानावर न पडणाऱ्याला गच्चीवरच्या प्रसंगातले शब्द सगळे सुटे ऐकू येतीलच असं नाही. बर्टन यांचं एकूण एक वाक्य कळतं, हा १९७८चा मोठाच फायदा. लांबच्या प्रवासात, गाडीत, मुलं मागे बसलेली असताना मीसुद्धा १९७८च लावतो. अगदी शेवटी ‘नासा’च्या पासाडेनातल्या नियंत्रण कक्षाचा मंगळावरच्या यानाशी संपर्क तुटतो, तो छोटासा तुकडा मात्र त्यात अप्रतिम आहे. तिथे ठेका थांबलेला आहे, आणि तिथेच अंगावर काटा येतो. ही करामत त्यांना मधल्या भागातही जमली असती असं मला राहून राहून वाटतं.

कुणाला माझं म्हणणं एकांगी वाटेल. संगीतावर वाढलेल्या माणसाला १९७८ जवळचं वाटणं स्वाभाविक आहे, आणि कादंबरीचं मूळ कथानक पोचवण्यात ते सरस आहे हे वर म्हटलंच. पण ‘एकच ऐकणार, कुठलं?’ असं विचारलंत तर मी १९३८ म्हणेन, आणि फारसा विचार न करता म्हणेन.

ते लावताना काही गोष्टी सांभाळा. घबराटीची गोष्ट आधी सांगू नका, नंतर सांगा. सुरुवातीची ओळख, हवामानाचा अहवाल आणि नाचाचं संगीत पुढे ढकलू नका. ते कंटाळवाणं वाटलं तरी पुढची बातमी त्याच्याच जिवावर उभी आहे, आणि ध्वनिमुद्रणाच्या काही प्रतींत नेमकं तेवढंच छाटलेलं असतं, तेव्हा पूर्ण, तासाभराची प्रत शोधा. इंग्रजी अवघड जाईल असं वाटत असेल तर आधी कादंबरीचं पहिलं प्रकरण कुणाला तरी मराठीत सांगायला लावा, मग गाडी अडत नाही. जमलं तर रात्री, घरातले बाकीचे आवाज बंद करून ऐका. आणि मध्यंतराची घोषणा झाली की तिथे खुशाल थांबवून चहा टाका, पिअर्सनचं स्वगत ताज्या कानांनी ऐकलं तर बरंच सुसह्य होतं. १९७८चा अल्बम त्यानंतरच्या आठवड्यात ऐका. गोष्ट डोक्यात असली की त्यातली गाणी जास्त छान लागतात.