गल्फला पाठवणारा एजंट: सर्व्हिस फास्ट, कागद शून्य

5 पैकी 2 स्टार. ते पण पोरगा सुखरूप पोचला आणि हा माणूस अजून फोन उचलतो म्हणून.

चुलतभावाला दुबईला पाठवलं ह्याच्याकडून. नाव टाकत नाही, तालुक्यात असले अजून आहेत आणि सगळ्यांचं काम सेम. बोलायला गोड, चहा पाजणार, पासपोर्ट दिला की पंधरवड्याच्या आत तिकीट हातात. एवढं फास्ट कसं काय, तर हा वर्क व्हिसा काढतच नाही, व्हिजिट व्हिसा देतो आणि म्हणतो तिकडं गेल्यावर कंपनी कन्व्हर्ट करून घेते, टेन्शन नाय घ्यायचं.

गोम इथंच आहे. भाऊ दहावी नापास, म्हणजे पासपोर्ट ईसीआर (परदेशी कामाला जायच्या आधी सरकारी तपासणी लागणारा). असा माणूस गल्फला कामाला जाणार असेल तर ईमायग्रेट ह्या सरकारी साइटवरून क्लिअरन्स लागतो, त्यासाठी पगार लिहिलेलं कॉन्ट्रॅक्ट लागतं, प्रवासी भारतीय विमा लागतो (2 वर्षांचे फक्त 275 रुपये, कव्हर 10 लाखाचं). फिरायला जाणाऱ्याला ह्यातलं काहीच लागत नाही, म्हणून हा सगळ्यांनाच टुरिस्ट करतो. भावाला हॉटेल बुकिंगचा कागद दिला जे नंतर कॅन्सल होणारच होतं, आणि पढवून ठेवलं की एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या काउंटरवर विचारलं तर मावसभावाकडं फिरायला चाललोय म्हणायचं. हाताला घट्टे पडलेला गवंडी दुबईला शॉपिंगला, कोण विश्वास ठेवतंय देव जाणे, पण सोडलं त्याला.

पैसे 90 हजार घेतले. सरकारी लायसन्स असलेल्या एजंटला कायद्याने 30 हजार प्लस जीएसटी एवढीच फी घेता येते. पावती मागितली तर वहीच्या पानावर 'टूर पॅकेज' असं लिहून दिलं, खाली सही पण नाही. उद्या तक्रार केली तर हा म्हणणार टूर तर झाली की.

काम मिळालं हे खरं. पण कन्व्हर्ट करायला एवढा वेळ लावला की व्हिजिटची मुदत संपली, आणि तिकडं दिवसाला 50 दिरहॅम दंड, तो कंपनी म्हणते एजंटने भरावा, एजंट म्हणतो कंपनीने, शेवटी कापला भावाच्याच पगारातून. बोलणी 1500 दिरहॅमची, हातात 1100. भांडायचं तर दाखवणार काय, कॉन्ट्रॅक्टच नाही.

तरी लोक ह्याच्याकडंच का जातात ते पण कळतं. लायसन्सवाल्याकडं ट्रेड टेस्ट, मेडिकल, मग कंपनीच्या होकाराची वाट बघत बसा, आणि इकडं सावकाराचं व्याज थांबत नाही.

आता धाकट्यासाठी मागं लागलाय, डिस्काउंट देतो म्हणे. म्हटलं आधी लायसन्स नंबर दे, ईमायग्रेटच्या साइटवर टाकून बघतो. तर म्हणतो, "तो पार्टनरच्या नावावर आहे, त्याला विचारून सांगतो."