मस्टँग ५.० मध्ये ३.७३ चा क्राउन-पिनियन : वापरानंतरचे मत

१९८७ ते १९९३ या काळातील पाच लिटरच्या फोर्ड मस्टँगमध्ये पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स असला, तर मागच्या ८.८ इंची ॲक्सलमध्ये कंपनी सहसा २.७३ किंवा ३.०८ चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे) देत असे. माझ्या १९८९ च्या गाडीतला २.७३ काढून मी फोर्डच्याच परफॉर्मन्स विभागाचा ३.७३ चा क्राउन-पिनियन संच (हा रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बसवून घेतला, आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी याहून योग्य निवड नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

ॲक्सलचा आकडा एकटा पाहून काहीच कळत नाही. तो पहिल्या गिअरशी, ओव्हरड्राइव्हशी (१ पेक्षा कमी रेशोच्या वरच्या गिअरशी) आणि टायरच्या उंचीशी जोडूनच पाहावा लागतो. टी-५ चा पहिला गिअर ३.३५ आणि पाचवा ०.६८ आहे. २२५/६०-१५ टायरवर २.७३ असताना ५,५०० आरपीएमला पहिला गिअर ताशी सुमारे ७४ किलोमीटरपर्यंत आणि दुसरा १२८ पर्यंत जात असे, म्हणजे शहरात दुसरा गिअर पुरता वापरण्याची वेळच येत नसे. आता हेच आकडे ५४ आणि ९४ झाले आहेत, सिग्नलवरून निघताना क्लच फार घासावा लागत नाही, आणि ज्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ३,२०० आरपीएमला मिळतो, ते रोजच्या वेगात त्या टप्प्याच्या जवळ राहते. हायवेवर ताशी १०० ला पाचव्या गिअरमध्ये पूर्वी जेमतेम १,५०० आरपीएम असत आणि साध्या चढालाही चौथा टाकावा लागे. आता २,०५० च्या आसपास असतात आणि पाचवाच पुरतो. पेट्रोल थोडे जास्त लागते, हे मान्य करायला हवे. ४.१० घेतला असता तर पहिला गिअर पन्नाशीच्या आतच संपला असता, म्हणून रोज वापरायच्या गाडीसाठी मी तो सुचवणार नाही.

मात्र गिअरबॉक्स बदलणार असाल, तर हिशेब नव्याने मांडावा. ट्रेमेक कंपनीच्या टीकेएक्स या गिअरबॉक्सचा जो प्रकार २.८७ च्या पहिल्या गिअरचा आहे, त्याच्याबरोबर ३.७३ लावल्यास पहिल्या गिअरचा एकूण रेशो (गिअर गुणिले ॲक्सल) १०.७ होतो, टी-५ बरोबर तो १२.५ आहे, आणि टी-५ बरोबर कंपनीचा ३.०८ असलेल्या गाडीत १०.३. म्हणजे टीकेएक्सबरोबर ३.७३ ची ओढ कंपनीच्या ३.०८ च्या जवळपासच राहते, म्हणून तिथे ४.१० चाही विचार करता येईल.

या संचात क्राउनला (मोठ्या चाकाला) ४१ आणि पिनियनला (लहान चाकाला) ११ दाते आहेत; या आकड्यांना समान विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दाता दुसऱ्या चाकाच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भिडतो आणि झीज सारखी होते. बसवणी मात्र जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी: पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) घालून जमवावी लागते, दात्यांमधला प्ले (मोकळीक) डायल गेजने मोजावा लागतो, आणि दात्यांना पिवळी पेस्ट लावून उमटलेला ठसा दात्याच्या मध्यावर आला आहे की नाही, हे हौसिंग बंद करण्यापूर्वी स्वतः पाहावे. माझ्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर हलकी गुणगुण ऐकू येते, पण ती त्रासदायक नाही.

स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा गिअरही त्याच वेळी बदलून घ्यावा, नाहीतर २.७३ वरून ३.७३ वर आल्यावर काटा खऱ्या वेगापेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त दाखवतो.