कूलरच्या पॉइंटवर एसी, आणि मग केलेली खरी वायरिंग

नागपूरचे एवढे उन्हाळे कूलरवर काढले. यंदा सासूबाईंना रात्री झोपच लागेना, म्हणून मागच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. बसवायला आलेल्या मुलाने पाइपचं काम नीट केलं आणि प्लग सरळ कूलरच्या सॉकेटमध्ये खुपसला. सॉकेट 16 अँपिअरचा, प्लग बसला, झालं त्याचं काम.

खोलीत इस्त्री लावली की थोड्या वेळात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा. पुन्हा बोलावलं तर त्याने डीबीतला (एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीतला) 10 अँपिअरचा एमसीबी काढून 32 चा ठोकून दिला. पडणं थांबलं. चौथ्या रात्री मात्र जळका वास आला. प्लगची एक पिन तपकिरी पडली होती आणि सॉकेटचं भोक वितळून वाकडं झालं होतं.

मग प्रतापनगर चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एका भाऊंना बोलावलं. हे लिहितेय ते त्यांच्या कामाबद्दल. त्यांनी आधी प्लेट उघडली. "काकू, सॉकेट मोठा आहे, पण मागची वायर पाहा ना." दीड एमएम (चौरस मिमी), म्हणजे बारीक! कूलर एका अँपिअरच्या आसपास ओढतो, हा एसी सात-आठ. 32 चा एमसीबी पाहून तर त्यांनी कपाळावर हात मारला. "हा वायर वाचवायला असते, काकू. आता वायर जळून जाईन, पण हा पडणार नाही बा." मी इतकी वर्षं एमसीबी म्हणजे मशीनचं रक्षण समजत होते.

डीबीपासून खोलीपर्यंत त्यांनी वेगळी लाइन ओढली. फेज-न्यूट्रलला चार एमएम तांब्याची वायर, अर्थला अडीच, एसीजवळ 20 चा सी-टाइप (सुरू होतानाच्या झटक्याने न पडणारा) एमसीबी असलेला बॉक्स. जुन्या लाइनवर 10 चा एमसीबी परत आला. न्यूट्रल लिंकचे (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीचे) सगळे स्क्रू एकेक करून आवळले. दोन सैल निघाले.

मला सगळ्यात आवडलं ते अर्थिंगचं. टेस्ट लँप फेज आणि अर्थला लावला तर दिवा मिणमिणता. भाऊ अंगणात गेले, तुळशीमागचा अर्थिंगचा खड्डा उघडला, गंजलेला नट पॉलिश पेपरने घासून आवळला आणि दोन बादल्या पाणी ओतलं. दिवा लख्ख! उन्हाळ्यात दर आठवड्याला एक बादली टाकायला सांगून गेलेत. तेव्हापासून तुळशीला पाणी घालताना खड्ड्यालाही घालते.

वायर 14 मीटर अंतराची, सामान आणि मजुरी धरून 5,900 रुपये लागले. मला तीनेक हजार वाटले होते, पण वायर मी स्वतः दुकानातून घेतली, त्यामुळे भाव डोळ्यांसमोर होता. तासभर एसी चालवून त्यांनी टंग टेस्टर (वायरभोवती पकडून करंट मोजायचं मीटर) लावला, 6.8 अँपिअर. बॉक्सवर हात ठेवला, कोमटसुद्धा नाही.

तक्रारीही आहेत. दहाला येतो म्हणून साडेचारला आले. ड्रिलची धूळ गादीवर, चादर टाकायचं सुचवलंही नाही. आणि हॉलच्या कोपऱ्यात केसिंग पट्टीचा जोड उघडाच राहिलाय. मंगळवारी लावून देतो म्हणाले होते. दोन मंगळवार गेले.